जंगलाला नाव सांगणाऱ्या सुमनकाकू

जंगलात शिरण्याआधी सुमनकाकू पदर खोचतात, काठी रोवतात आणि समोरच्या सागाच्या झाडांना मोठ्यानं आपलं नाव सांगतात.

"सुमन ठाकरे, अमरावती. दोन माणसं हाओ. दुपारपर्यंत वापस जातो."

पहिल्यांदा त्यांच्यासोबत एसटीनं चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा माझीही ओळख करून देण्यात आली. "हा आमचा शेजारी. बँकेत हाये. पोट सुटलं म्हणून डॉक्टरनं चालाले सांगतलं. माणूस गरीब हाये, सांभाळून घ्या." झाडं काही बोलली नाहीत, पण कुठूनसं एक वानर खेकसलं. ते हसणंच असावं असं मला आजही वाटतं.

काकू सदुसष्टच्या. आमच्या कॉलनीत त्या भाजीवाल्याशी बोलल्या, की वांगी किडकी आहेत हे मागच्या गल्लीला कळतं. पण पायवाटेवर पाऊल पडलं, की तोंड बंद. मग फक्त काठी बोलते. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे तुझ्या बुटांचा फार आवाज होतोय, काही लाज वाटू दे. पहिल्या दिवशी मी तीन ठोकेच जास्त ऐकले.

एकदा न राहवून मी कुजबुजलो, "काकू, हा पक्षी कोणता?"

काकू चार पावलं मागे आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यानं इचारलं काय तुले, तू कोन म्हणून?"

खाल्लेल्या संत्र्यांची सालंसुद्धा त्या पिशवीत भरून अमरावतीला परत आणतात. मी हसलो, की ठरलेलं वाक्य येतं, "जंगल कोनाच्या बापाचं नाई, म्हणून शिस्तीत चाल!"

त्या शिस्तीची किंमत मला मागच्या हिवाळ्यात कळली. बांबूच्या वळणावर काकूंनी एक ठोका दिला. पुढे वीसेक पावलांवर एक अस्वल वारूळ उकरत होतं. माझ्या डोक्यातून सगळे ठोके निघून गेले आणि मी पळायला वळलो. काकूंनी मागे न बघता माझी कॉलर धरली.

"पळू नको. पाठ दाखवू नको."

अस्वलानं तोंड वर करून हवा हुंगली. काकू त्याच्याशी बोलू लागल्या, पंगतीत एखाद्याला आग्रह करावा तशा हळू आवाजात. "जेव बाप्पा, जेव. आमी मांगं सरकतो. तुयं चालू दे."

एकेक पाऊल मागे टाकत आम्ही वळणाआड आलो. तिथं मी मटकन खाली बसलो. काकूंनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

"काकू, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली. म्हणून त बोलत होती त्याच्याशी." त्यांनी दुसरा खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

अर्ध्या तासानं ते जनावर आपल्या वाटेनं गेलं आणि आम्ही डोंगराच्या वरच्या धारेवर पोचलो. तिथं एकदम मोबाइल वाजला. घरून बायको. "पोचलो, ठीक आहे, नंतर करतो," म्हणून मी फोन ठेवला.

"काहून ठेवला?" काकूंनी विचारलं.

"काही काम नव्हतं तिचं."

काकू खडकावर बसल्या. त्यांचे यजमान वनरक्षक होते, ही पायवाट त्यांच्याच हद्दीत येई. मी त्यांना जेमतेम चारदा पाहिलं असेल. ते इकडे, काकू पोरींच्या शाळेसाठी अमरावतीत. निवृत्तीला वर्ष असताना ते गेले.

"पूर्‍या वाटेत इथंच रेंज भेटते," काकू म्हणाल्या. "रोज चढून येत अन् फोन करत. म्हणत, आज असं दिसून राहिलं, तसं दिसून राहिलं, ये न एकडाव. मी म्हणो, बरं, ठेवते, दूध उतू चाल्लं." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "दरवेळेस काई दूध नव्हतं रे गॅसवर."

मी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"लाव परत," त्या म्हणाल्या. "सांग तिले काय दिसते ते."

मी फोन लावला. बायको घाबरली, "काय झालं?"

"काही नाही. समोर दरी आहे. खाली अजून धुकं आहे, त्यातून सागाचे शेंडे तेवढे वर आलेत. पलीकडच्या डोंगरावर ऊन पडलंय..."

इतकं बोलायची मला सवय नव्हती; मी अडखळत होतो. काकू माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी थांबलो, तेव्हा दरीकडे तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, "अजून सांग."