उचगावकर आकाराम यांचे घशातील मोहीम

श्री अंबाबाईचे चरणी मस्तक ठेवोन हकीकत लिहितो ऐसी जे, उचगावकर राजश्री आकाराम यांस रविवारी कागली सासुरवाडीस मटणाचे जेवण मुक्रर जाहले होते, आणि त्या तांबड्या रश्श्याकरिता खाशांनी आठवडाभर भूक राखोन ठेविली होती. त्याच आठवड्याचे आरंभी सोमवारी चहाचे गाड्यावर एक इसम खोकत उभा देखोन खाशांनी रिवाजाप्रमाणे फर्माविले की, "या की पावणं, बसा हितं," आणि बाकड्यावर खेटून जागा दिली. इसम बसला आणि त्याने खोकला नजर केला.

त्यासरशी विषाणू नामे गनीम घशात उतरला, आणि घशातील पेशीसही धन्याचाच रिवाज, सबब तिने गनिमास पाव्हणा समजोन दरवाजा उघडला. आत येताच गनिमाने अंगरखा टाकिला आणि आपला डीएनए मोकळा सोडिला, की पेशीचे कारखान्यात आपलीच पैदास करावी.

परंतु पेशीचा कायदा सक्त. डीएनएने केंद्रकाचे गडावरच राहावे, खाली पेठेत फिरो नये. पेठेत सीगॅस नामे पहारेकरी, मोठा तिरसट, चेहरा पाहात नाही, कूळ पुसत नाही. डीएनए गडाबाहेर दिसला की धरलाच, मग तो गनिमाचा असो वा घरचा वाट चुकलेला. ऐसी माणसे कोणास आवडत नाहीत, परंतु राज्य त्यांचेच जिवावर चालते. त्याने गनिमाचा डीएनए धरिला आणि जासूद दौडविला, आणि जासुदाने स्टिंग नामे सरनोबतास जागे केले, आणि स्टिंगने इंटरफेरॉनचे नगारे वाजविले, मग शेजारच्या तमाम पेशींनी दरवाजे लाविले, आणि ती भोळी पेशी गनिमासह धारातीर्थी पडली. तिची कोणी विचारपूसही केली नाही, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

रविवारी गनीम साफ बुडाला. परंतु नगाऱ्यांचे धामधुमीत खाशांचे अंग तापले. खासे नवा सदरा चढवोन निघाले, तो कुटुंब बायडाबाईसाहेब यांनी कपाळ चाचपोन हुकूम सोडिला की, "अंगात कणकण हाय न्हवं? मग मटाण न्हाय. मऊ भात खायाचा आन् गप पडायचं." खाशांनी अर्ज केला की, "अगं, घसा बरा हाय की आता!" अर्ज नामंजूर जाहला.

येणेप्रमाणे गनीम निर्मूळ जाहला, राज्य राहिले, आणि बाईसाहेब एकट्याच कागली कूच करोन गेल्या, आणि खाशांचे वाट्याचा रस्सा मेव्हण्याने फस्त केला, आणि विजयी वीर मऊ भातापुढे बसोन राहिले. फत्ते जाहली ती ऐसी, म्हणोन नोंद केली असे.