डोमाजी मुनशींचा जादा रकाना

मला खोली देताना डोमाजी मुनशींनी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. चटईवर बसवलं, मांडीवरची वही उघडली आणि एवढंच विचारलं, "तुमच्या घरचं शेवटी कोन गेलं, अन् जाताना काय बोललं?"

मी नुकतीच मास्तरीण होऊन केळापूर तालुक्यातल्या त्या गावात आले होते. गावामागं झरीचं जंगल सुरू व्हायचं. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाचेक वर्षं झाली होती, आणि तेवढं कळलं की घरमालकांना खोली रिकामी नसल्याचं आठवायचं. या माणसाला मात्र घरच्या मेलेल्या माणसापलीकडे कशातच रस दिसेना.

"आजोबा गेले," मी म्हटलं. "म्हणाले, माह्या पाठीखालचं गोधडं ओढा."

"हे झालं तोंडचं," मुनशी खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली.

आता मी दोन-चार पुस्तकांची लेखिका आहे. लिहायचं कुठून सुचलं असं कोणी विचारलं, की मी वाचनालय, चांगले शिक्षक वगैरे सांगते. खरं कारण डोमाजी मुनशी. ते सांगायला जरा लाज वाटते आणि जरा भीतीही.

मुनशी ग्रामपंचायतीत कारकून होते. जन्म-मृत्यूची नोंद त्यांच्याकडे. मृत्यूच्या वहीत सरकारनं नाव, वय, तारीख, कारण असे रकाने आखून दिले होते. कडेला बोटभर जागा उरत होती. तिथं मुनशींनी पट्टी लावून आपल्या हातानं एक रकाना जादा पाडला होता: 'शेवटचं बोलणं'.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी परतली, की बगलेत वही आणि डोक्यावर छत्री घेऊन मुनशी दारात उभे. पाटलांकडचा म्हातारा गेला तेव्हा मुलानं सांगितलं, "बाबा राम राम म्हनत गेले."

"मनचं नोका सांगू. तोंडचं सांगा," मुनशी म्हणाले आणि लिहिल्याशिवाय परतले. तीन खेपा झाल्या. शेवटी दाराआडून सून म्हणाली, "म्हनले, वांग्यात मीठ नाई." मुनशींनी ते तिथंच, उभ्या उभ्या लिहून घेतलं.

गावात कोणी आजारी पडलं की मुनशींना त्या गल्लीत यायची मनाई असे. समोरची बायजाबाई सत्तरीची, ठणठणीत. पण मुनशी दिसले की ती बोलता बोलता गप्प व्हायची. "आपलं बोलनं याच्या कानी पडलं अन् तेच शेवटचं ठरलं त?" ती मला म्हणाली. दोन वर्षं ती त्यांच्याशी नुसती मान हलवून बोलत होती.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण मुनशी वही वाचायचे तेव्हा हसू यायचं नाही. ते वाचायचे मेलेल्याच्या आवाजात. एकदा गणपत कास्तकाराची विधवा बायको बैल घेऊन शेतावर चालली होती. आमच्या अंगणात थांबली आणि म्हणाली, "मुनशीजी, एकदा वाचता काय?" मुनशींनी दारातच वहीचं पान काढलं आणि जाड, घोगऱ्या आवाजात वाचलं, "बैल सोडू नोका, पानी येते." बाईनं डोळ्याला पदर लावला. पण मी बैलाकडे पाहत होते. त्यानं रवंथ थांबवला होता आणि मान वळवून तो दाराकडे बघत होता.

उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली, तशी मी दुपारी खोलीवर राहू लागले. बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. माझ्या आणि मुनशींच्या खोलीत कुडाची भिंत होती. एका दुपारी भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला, "आले काय जी?"

मुनशी एकटे राहत होते. त्यांच्याकडे कोणी बाई येत नसे.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज, "दार लोटून घ्या." तिसऱ्या दिवशी, "पानी द्या घोटभर." आवाज तरुण होता, थकलेला होता. मी खोली सोडून पळाले नाही, याचं कारण शौर्य नव्हे; त्या गावात मला दुसरी खोली मिळणार नव्हती. चौथ्या दिवशी मी कुडाच्या फटीला डोळा लावला. मुनशी एकटेच बसले होते, वही मांडीवर. ओठ त्यांचे हलत होते, आवाज तिचा येत होता. मग त्यांनी पेन्सिलीनं काही लिहिलं, पाहिलं आणि रबरानं खोडून टाकलं.



त्याच महिन्यात तालुक्याहून साहेब आले, वहीची तपासणी झाली. साहेब चिडले. "हा रकाना कोणत्या नियमात बसतो?"

"बसत नाई जी," मुनशी म्हणाले. "उभाच रायते तो."

साहेबांनी त्या रकान्याशिवाय सगळ्या वहीची नक्कल मागवली. एवढी नक्कल मुनशींना एकट्याला उरकेना, म्हणून मी बसले. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत नाव होतं: पार्वता डोमाजी, वय अठ्ठावीस, कारण ताप. आणि शेवटच्या रकान्यात भोक होतं. खोडून खोडून कागद झिजला होता, खालचं पान दिसत होतं.

मी वही त्यांच्यापुढे धरली.

"मी कचेरीच्या कामानं केळापूरले गेलतो," मुनशी म्हणाले. "घरी तिच्यापाशी जंगलातली एक कोलाम बाई होती. तिले आपली भाषा समजे नाई. ते बाई खुणेनं सांगे, बोलली, दाराकडे पाहून लई बोलली. काय बोलली, ते सांगता येईना. वीस वर्ष झाले. रोज एक बोलून पायतो, लिहितो. मंग वाटते, हे नाई." मग ते म्हणाले, "तुमी बाईमानूस. तुमी सांगा, काय म्हनली असन?"

मी म्हटलं, "माझी काळजी करू नका, जिवाला जपा, असं म्हणाल्या असतील."

"इतकी गोड नोती जी ते."

मी वही खाली ठेवली. मग विचारलं, तुम्हाला उशीर झाला की त्या काय करायच्या? मुनशी सांगू लागले. भांडे आपटे, म्हणाले. चूल विझवून टाके. पण अंधाराले भ्याची, अन् ते कोणाले सांगे नाई. मी ऐकत राहिले. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. मग माझ्या तोंडून शब्द आले. ते मी जुळवले नव्हते, आणि आवाजही मला माझा वाटला नाही.

"कुठी मेला हा मानूस? बलवा ना कोनी. मले भेव लागून राह्यलं."

मुनशींनी दौत उघडली. मग त्यांनी टाक माझ्या हातात दिला. "तुमच्या हातानं लिहा. भोकाच्या बाजूले."

मी लिहिलं. कोणी न सांगितलेलं, न शिकवलेलं, मी लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

मुनशींनी फुंकर घालून शाई वाळवली. वही डोळ्यांजवळ नेली आणि अगदी हळू, स्वतःच्या आवाजात म्हणाले, "आलो वं. आलो."