तपासणीपुरती माणसं

रक्तपेढीतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी जगदेवप्पा चहाचा कप उजेडात तिरपा धरून आत गुठळ्या दिसतात का बघत. हुलसूरच्या घराच्या ओसरीवर बायको चन्नव्वा रोज सुनावायची, "चहा हाय त्यो, रगत न्हाई. प्या गुमान."

म्हणून त्यांच्या जुन्या, तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर उमादेवींचा फोन आला तेव्हा ते ताडकन उभेच राहिले.

"अण्णा, उद्या बिदरहून तपासणी यायलीय. रक्तपेढीच्या लॅबला चार टेक्निशियन पायजेत, आन माझ्याकडं एकली शैलश्री. एक दिवस येता का?"

"कामून येत न्हाई!"

सकाळी कडक इस्त्रीचा ॲप्रन घालून ते लॅबमध्ये शिरले आणि दारातच थबकले. त्यांच्या वेळी इथं चौघं असत. भाकरी आणि शेंगाचटणी मिळून खात, कुणी कन्नड गाणं गुणगुणे, एकानं तपासलेलं दुसरा पुन्हा तपासे, आणि चूक सापडली की चहा चुकणाऱ्याकडून. आता फ्रिजची घरघर तेवढी होती. शैलश्री उभ्याउभ्या बिस्कीट खात होती.

"बसून खा की, पोरी."

"बसलं की बेल वाजते, अण्णा."

उरलेल्या दोन जागांवर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर राघोबा आणि स्वयंपाकघरातल्या कमलबाई यांना ॲप्रन घालून उभं केलं होतं. हुकूम एकच होता, तोंड उघडायचं न्हाई. पण तपासणीला आलेले रविकुमार साहेब नेमके राघोबासमोर थांबले.

"तुमी काय चेक करायलाव?"

"ऑइल," राघोबा सवयीनं बोलून गेला.

"मशिनीचं, सर," शैलश्री घाईनं म्हणाली. "देखभाल त्येच बघतेत."

साहेब पुढं काही विचारणार, तोच बेल वाजली. मुडबीची बाळंतीण, रक्तस्राव थांबत नव्हता. मग तपासणीचं भान कुणालाच राहिलं नाही. शैलश्रीनं रक्तगट बघितला, जगदेवप्पांनी तो पुन्हा बघितला. मग दोघांनी डोक्याला डोकं लावून रक्त जुळवलं. कमलबाईंनी रडणाऱ्या सासूला धरून बसवलं. राघोबा पिशवी घेऊन ॲम्ब्युलन्स पळवावी तसा वॉर्डाकडं पळाला. साहेब भिंतीला चिकटून उभे होते.

थोड्या वेळानं निरोप आला. बाळंतीण शुद्धीवर हाय, लेक बी बरी हाय.

रविकुमार साहेबांनी चष्मा पुसला. "मॅडम, असली चपळ लॅब मी जिल्ह्यात बघितली न्हाई."

उमादेवींना वाटलं, खरं सांगून माणसं मागायची हीच वेळ. "सर, एक बोलायचं होतं..."

"आधी माझं ऐका. चौघं इथं जास्तच होतेत. बिदरला माणसांवाचून हाल चाललेत. ह्या शैलश्रीला सोमवारपासून तिकडं पाठवा. तिघांत तुमचं मजेत भागंल."

उमादेवींनी मान डोलावली. खरं सांगावं तर तिघं कोण, तेही सांगावं लागलं असतं.

गाडी गेल्यावर शैलश्री हळूच म्हणाली, "तिकडं आनखी दोघी हायत म्हणं, अण्णा. डबा खायला सोबत हुईल."

"बसून खा मंग," जगदेवप्पा म्हणाले आणि उरलेला बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला.

उमादेवी त्यांच्याकडं वळल्या. "अण्णा, दुसरं माणूस मिळंस्तोवर... सोमवारी येता का? लई तरास हुईल तुमाला."

"व्हय, तरास तर हुईलच," जगदेवप्पा म्हणाले. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण चेहरा काही केल्या दुःखी होईना.