पोटाचं हेल्मेट

भोयरकाका स्वतः आलूगुंडा कधी खात नसत, पण रोज संध्याकाळी आलूगुंड्याच्या ठेल्यावर हजर असत. आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडाच. भिलाईत तो या पैलवानी नावानं मिळायचा. हुडको वसाहतीत साहूचा ठेला होता. जनरल शिफ्ट सुटली की अर्धा स्टील प्लांट त्याच्या कढईभोवती जमायचा.

काका प्लांटच्या सेफ्टी विभागात होते. दिवसभर कामगारांना हेल्मेट घालायला लावून त्यांचं समाधान होत नसे. सेक्टर दहात आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये ते एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नागपूरला. संध्याकाळ झाली की सायकलच्या हँडलला डबा अडकवून निघत. डब्यात मोड आलेले मूग, काकडी आणि मुळा. ठेल्यावर कुणी प्लेट हातात घेतली, की काका पुढे सरकलेच.

"कावून बाबू, बिना हेल्मेटचाच चालला?"

नवखा माणूस बिचारा डोक्याला हात लावायचा.

"डोक्याचं नाही, पोटाचं. आधी दोन चमचे मूग घे, मंग तो गुंडा जाऊ दे आत."

नाही म्हणणाऱ्याच्या प्लेटमध्ये ते काकडीची चकती ठेवून मोकळे होत. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. दोन प्लेट हाणायच्या बेतानं जायचो आणि मुळा चावत घरी यायचो. भारी वैताग यायचा. आज मात्र तो मुळाच आठवतो.

साहू तर पार कातावलेला. "भोयर साहब, आप मेरा धंधा बर्बाद करोगे," तो म्हणायचा.

"तुले धंद्याची पडली हाय. उरलेले गुंडे रोज तूच खाऊन राहिला, मले मालूम हाय."

साहू हसून पुढचा घाणा सोडायचा. हे भांडण रोजचंच, त्यात कधी खंड नाही.

एका हिवाळ्यात साहूच्या छातीत कळ आली. त्याला दवाखान्यात ठेवलं आणि ठेला बंद झाला. आता काकांचं राज्य आलं, म्हणून आम्ही थट्टा केली.

थोड्या दिवसांनी हुडकोत गेलो तर ठेला सुरू. साहूची बायको बेसन कालवत होती आणि कढईमागे काका उभे. डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, हातात जाडजूड हातमोजे. आलूगुंडे तळत होते.

"काका, तुम्ही?"

"सकाळी दवाखाना, संध्याकाळी ठेला, इले एकटीले कसं जमन?" त्यांनी माझ्या प्लेटमध्ये एक काळपट आलूगुंडा टाकला. "खा."

मी सवयीनं मुगाची वाट पाहत राहिलो.

"मूग नाही आज. डबा साहूकडं पाठवला."

मला हसू आवरेना. "काका, ठेला बंदच राहिला असता तर तुमचं काम फत्ते होतं की."

त्यांनी झारा कढईच्या काठावर टेकवला.

"अन् मंग संध्याकाळी मी भांडू कोणासंग?"

काकांनी हेल्मेट कपाळावर जरा खाली ओढलं आणि पुढचा घाणा सोडला.