सासरे, सोफा आणि तुटलेला क्रॉस

"मीच आणतो की बाबांना," असं मी म्हणालो आणि तिथेच सगळं सुरू झालं.

झालं असं होतं, की माझ्या सासूबाई गेल्याला आठ महिने झाले होते आणि सासरे त्या मोठ्या घरात एकटे राहत होते. एकटे राहण्याचं एवढं काही नाही, पण त्यांनी बोलणंच सोडलं होतं. बायको रोज सकाळी फोन करायची. ही दहा मिनिटं बोलणार आणि पलीकडून एक "हं" येणार. कधी दोन. फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी पुन्हा घासायची. शेवटी महिनाभर विनवण्या केल्यावर सासऱ्यांनी आमच्याकडे राहायला यायचं कबूल केलं. म्हणजे "हं" म्हणाले. पण तो "हं" जरा लांब होता, असं हिचं म्हणणं.

सामान आणायला शेजारच्या लाकडाच्या वखारीच्या मालकांनी त्यांचा पिकअप देऊ केला. हा पिकअप म्हणजे साधासुधा प्रकार नव्हे. त्याच्या चाकाशेजारी उभं राहिलं की माझा खांदा बॉनेटला लागतो. वखारवाले त्यातून ओंडके आणतात. ते स्वतःच चालवत येणार होते, पण आदल्या दिवशी त्यांच्या कमरेत उसण भरली. ही रडकुंडीला आली. म्हणाली, "आता बाबांचा विचार बदलला तर?" आणि मी ते वाक्य बोललो.

(मी पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या नोंदी ठेवतो. घर ते ऑफिस अशी चार किलोमीटर छोटी गाडी चालवतो. पण पाहणाऱ्याला काय, ड्रायव्हर तो ड्रायव्हर.)

वखारवाल्यांनी पलंगावर पडल्या पडल्या किल्ली दिली. "भाऊ, एकच सांगतो. क्लचवर पाय ठेवून बसू नका. आणि तो चार चाकांचा खटका आहे ना, त्याला हात लावू नका. तो चिखलासाठी आहे."

"माहितीये हो," मी म्हणालो. त्या क्षणापर्यंत खटका आहे हेच मला माहीत नव्हतं.

सासऱ्यांकडे पोचलो तेव्हा ते पायरीवर बसून होते. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि मांडीवर सासूबाईंचा चष्मा. माझ्याकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं, आणि "हं" म्हणाले. सासरे म्हणजे चाळीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलेला माणूस. मोठ्या ट्रकांचे गिअरबॉक्स खोलून जोडण्यात हयात गेली. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "गाडी येते का?" आणि मी "उत्तम" म्हणालो होतो. तेव्हापासून मी त्यांच्या देखत गाडी चालवायचं टाळत आलो होतो.

सामान भरायला दोन हमाल होते. सगळ्यात आधी मी सासऱ्यांची हत्यारांची लोखंडी पेटी आत ढकलली. जड वस्तू खाली, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तिच्यावर कपाट, कपाटावर पलंग, पलंगावर गाद्या, मधल्या फटींत आरसा आणि खुर्च्या, शेवटी सोफा. वर दोरी. लांबून पाहिलं तर मला माझाच अभिमान वाटला.

निघालो. सपाट रस्त्यावर सगळं झकास होतं. सासरे शेजारी बसून बाहेर बघत होते. शांतता असह्य झाली म्हणून मी बोलायला लागलो. हवेविषयी बोललो, मीटरच्या नोंदींविषयी बोललो. उत्तर नाही. मग मला वाटलं, गाडीविषयी काहीतरी जाणकारीनं करून दाखवावं. समोर तो खटका होता. त्यावर चार चाकांचं चित्र होतं. गाडीत एवढा भार, मग दोनच चाकांनी का ओढायचं? मी खटका फिरवला.

पुढच्या वळणावर गाडी अडखळायला लागली. म्हणजे चाक फिरवावं तर टायर रस्त्यावर उड्या मारत, खालून कट-कट असा आवाज येई, आणि स्टिअरिंग माझ्याशी भांडत होतं. मी चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या कानाची पाळी हलली. (शपथेवर सांगतो, हलली.) मी गुपचूप खटका परत फिरवला आणि रेडिओचा आवाज वाढवला. कट-कट थांबली, पण तिच्या जागी बारीक टिक-टिक सुरू झाली. रेडिओ आणखी वाढवला.

मग चढ आला.

चढावर पुढे एक बस थांबली होती, तिच्या मागे मी थांबलो. ब्रेकवर पाय ठेवून थांबावं की नाही? पण मी क्लच अर्धा दाबून, अर्धा सोडून, गाडी तिथेच झुलवत ठेवली. हे कौशल्य मी छोट्या गाडीवर कमावलेलं. दोन मिनिटांत काहीतरी जळल्याचा वास आला.

"कोणीतरी कचरा पेटवलाय," मी म्हणालो.

सासऱ्यांनी डोळे मिटले.

बस हलली. मी घाईत क्लचवरचा पाय एकदम उचलला. गाडीखालून "ठण्ण" असा आवाज आला आणि मग लोखंड रस्त्यावर घासल्याचा खर्रर्र. इंजिन जोरात ओरडत होतं, मी ॲक्सिलरेटर दाबत होतो, आणि गाडी हळूहळू, अगदी शिस्तीत, मागे चालली होती.

"ब्रेक," सासरे म्हणाले.

मी क्लच दाबला.

"ब्रेक! अहो ब्रेक! मधला! मधला!!"

मी मधला दाबला. गाडी थांबली. सासऱ्यांनी हात लांब करून हँडब्रेक खेचला, दार उघडलं आणि बासष्ट किंवा सदुसष्ट वर्षांचा (ते आम्हाला नक्की सांगत नाहीत) तो माणूस खाली उडी मारून थेट गाडीखाली गेला. इस्त्रीच्या शर्टासकट.

"चाकाखाली दगड लावा!" खालून आवाज आला. मी दगड आणला. "हा दगड आहे का खडा? मोठा आणा!" मी मोठा आणला.

मग त्यांनी खालूनच मला बोलावलं. मीही आडवा झालो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांबलचक दांडा असतो, तो एका टोकानं रस्त्यावर लोंबकळत होता.

"हा शाफ्ट. आणि हा त्याचा सांधा. ह्याला क्रॉस म्हणतात. ह्याचे तुकडे केलेत तुम्ही. कोरड्या रस्त्यावर चार चाकं लावलीत ना मघाशी? मला कळणार नाही असं वाटलं का तुम्हाला?"

"बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यांनी तुटलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बोलायची सवय गेली होती." आणि लगेच, "पेटी आणा माझी!"

पेटी. लोखंडी पेटी. सगळ्याच्या तळाशी असलेली.

पुढच्या पाऊण तासाचं वर्णन करणं माझ्या मणक्याला झेपणार नाही. सोफा उतरवला. गाद्या उतरवल्या. पलंग, कपाट, आरसा, खुर्च्या, सगळा संसार रस्त्याच्या कडेला, झाडाच्या सावलीत मांडला. एक आजोबा आले, सोफ्यावर बसले आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "बसथांब्यावर बसायची सोय केली हे फार बरं झालं. किती वर्षं अर्ज करत होतो." पाठोपाठ पिशव्या घेतलेल्या दोन बायका आल्या. त्या पलंगावर बसल्या. कोणाला उठवणार?

एवढ्यात फोन वाजला. बायको.

"कुठे पोचलात?"

"आम्ही... जरा बसलोय."

"कुठे?"

"सोफ्यावर."

"कुणाच्या?"

"आपल्याच. म्हणजे बाबांच्या."

"अजून निघालाच नाहीत?"

"निघालो ना. सोफाही निघाला. आता आम्ही सगळे रस्त्यात आहोत."

"अहो, नीट सांगा! बाबा कुठेयत?"

"गाडीखाली."

पलीकडे जी किंकाळी फुटली ती ऐकून सोफ्यावरचे आजोबाही उठून उभे राहिले. "दुरुस्त करतायत! दुरुस्त करतायत!" मी ओरडलो. तिला श्वास घ्यायला वेळ लागला. आणि नेमकं तेव्हाच गाडीखालून सासरे गरजले, "अहो जावईबापू! चौदा नंबरचा पाना मागितला, हा सतरा आहे! तोंडावर डोळे आहेत का शर्टाची बटणं? मीटरवरचे आकडे वाचता तरी कसे तुम्ही? शहराला पाणी मिळतं हेच नवल आहे!"

फोनवर एकदम शांतता पसरली.

"हॅलो?" मी म्हणालो.

"ते... बाबा होते?"

"हो."

"ओरडले?"

"ओरडतायत."

"तुमच्यावर?"

"आणखी कोणावर?"

"खूप?"

"खूपच."

मग तिचा आवाज आला, अगदी बारीक आणि ओला. "अहो, फोन बंद करू नका. तसाच धरा. गाडीजवळ धरा. ऐकू द्या मला."

मग मी फोन गाडीखाली धरून गुडघ्यावर बसलो. सासरे बोलतच होते. क्लच प्लेट कशी जळते, ती जळल्याचा वास आणि कचऱ्याचा वास ह्यात काय फरक असतो (हे त्यांनी फार लांबवलं), ओंडक्यांच्या गाड्यांचे क्रॉस ग्रीसशिवाय कसे सुकतात, सासूबाईंना गॅरेजमधल्या ग्रीसचा वास आवडायचा पण त्या तसं कबूल करत नसत, एकदा त्यांनी जेवणाचा डबा घेऊन येताना एका ड्रायव्हरला कसं फैलावर घेतलं होतं. आठ महिन्यांचं साठलेलं सगळं त्या शाफ्टच्या बोल्टांबरोबर सुटत होतं. मधूनमधून माझा उद्धार होत होता. तोही तिला नीट ऐकू जावा म्हणून मी फोन आणखी आत सरकवला. पलीकडे ही रडत होती आणि मध्येच हसत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, शिव्या खाताना, मनापासून प्रार्थना करत होतो की ह्या माणसानं थांबू नये.

शेवटी ते बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट पार काळा झाला होता. हातात तो दांडा, खांद्यावर बंदुकीसारखा.

"मागची चाकं आता नुसती फिरणार. पण पुढची आहेत ना. आता लावा तुमचा तो खटका. चार चाकांचा खटका लावला की पुढचा शाफ्ट ओढेल. बैलजोडीतला एक बैल गेला तरी दुसऱ्यावर हळूहळू घरी जाता येतं." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाले, "जावंच लागतं."

मी त्यांच्या खांद्यावरचा दांडा उतरवून घेतला. काही गोष्टी माझ्यासारख्यालाही कळतात.

सामान परत भरायला सोफ्यावरचे आजोबा, पिशव्यावाल्या बायका आणि मागून येऊन थांबलेल्या दुसऱ्या बसचा कंडक्टर, सगळे धावून आले. त्या अनोळखी माणसांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत, ह्याचं अजून वाईट वाटतं. एकानंही "गाडी कुणी मोडली" असं विचारलं नाही. (विचारायची गरज नव्हती. सासरे प्रत्येकाला आपणहून सांगत होते.)

"सरका," सासरे मला म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. जीव टाकलेली ती गाडी त्यांनी अशी नेली, की मागच्या आरशाची काचसुद्धा थरथरली नाही. ताशी वीस किलोमीटर. सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते आणि सासरे त्यांना हात करत होते.

घरी पोचलो तेव्हा ही फाटकात उभी होती. त्यांनी लेकीला पाहिलं आणि म्हणाले, "हा नवरा तू कुठून शोधलास?" एरवी ह्या वाक्यावर घरात दोन दिवस अबोला झाला असता. ही धावत जाऊन त्यांच्या काळ्या शर्टाला बिलगली.

आता सासरे आमच्याकडेच आहेत. सकाळी फोन करायची गरज उरली नाही, कारण सकाळी सहापासून घरात त्यांचाच आवाज असतो. पिकअप त्यांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला, नवा क्रॉस आणि नवी क्लच प्लेट घालून. वखारवाल्यांना मात्र म्हणाले, "क्रॉस सुकलाच होता हो. कधीतरी जाणारच होता. ह्यांचा काही दोष नाही."

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. वखारवाले गेल्यावर मी पुढे झालो. म्हटलं, "बाबा, तुम्ही माझी लाज राखलीत. तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"छे छे, जावईबापू, आभार तुम्ही कसले मानता? चाळीस वर्षं गॅरेज चालवलं मी. नीट गाडी चालवणारा एकही माणूस कधी आमच्या दारात आला नाही. आमचं घर उभं राहिलं, तुमच्या बायकोचं शिक्षण झालं, ते सगळं तुमच्यासारख्यांच्या जिवावर. त्या सगळ्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते."

आणि त्या सगळ्यांच्या वाटचा त्यांनी मला वाकून नमस्कार केला.