बिनचूक छपाई

विट्याच्या बाजारपेठेतल्या आपल्या छापखान्यात दस्तगीरभाईंनी हातातला कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि आत हाक मारली, "अगं, ह्यो कागद कुणी दिला?"

"शाळंतल्या दीपमालाबाई ठेवून गेल्या," त्यांची बायको रहिमतबी भाकरी थापता थापता म्हणाली. "हाय तसं छापा म्हणत हुत्या."

"हाय तसं?" भाई हबकले. कागदावर लिहिलं होतं, 'रंगूबाईने जाबारातून गांवी आणली.' पुढेही तोच प्रकार. वेलांट्या उलट्या, काने गायब, अक्षरांनी एकमेकांच्या जागा बळकावलेल्या. "एवढी शिकलेली बाई आन् असलं ल्हितीया? ह्ये छापलं तर नोकरी जाईल की बिचारीची!"

भाई मनाने भले. त्यांनी जेवण लांबवलं, एकेक चूक दुरुस्त केली आणि मगच छपाईचे खिळे जुळवले.

त्या चुका बाईंनी डोकं खाजवून मुद्दाम केल्या होत्या, हे भाईंना कसं कळावं?

त्याचं असं झालं होतं. पाचवीतल्या पायलला ऐकलेली गोष्ट तोंडपाठ असायची, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिला दाद देत नसत. हेडमास्तर भाऊसो गुरुजी तिला रोज उभं करत. "आवाज चढव! अंगठे धर! चौथीत नेऊन बसवू?" तिच्या वडिलांचं, गुंडाचं, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान होतं. सुट्टीवर आल्या आल्या त्याने जाहीर केलं, "हिला शाळंतनं काढतो." दीपमालाबाई नुकत्याच पाचगणीच्या शिबिरात डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे वाचताना अक्षरं न जुळण्याच्या अडचणीबद्दल, शिकून आल्या होत्या. असं मूल आळशी नसतं, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. कुणाला पटेना. तेव्हा मोठ्यांनाच अडखळायला लावावं, या हेतूने त्यांनी तो चुकांचा कागद लिहिला आणि शनिवारी शिक्षक-पालकांची सभा बोलावली होती.

सभा सुरू व्हायला आणि छापखान्याचा गठ्ठा यायला एकच गाठ पडली. बाईंनी न पाहताच कागद वाटले. "हे वाचताना तुम्हाला घाम फुटेल. तो फुटावा म्हणूनच बोलावलंय. गुरुजी, पहिल्यांदा तुम्ही."

गुरुजी खाकरले आणि धडाधड वाचू लागले, "रंगूबाईने बाजारातून वांगी आणली. वांगी ताजी होती..."

बाईंचा चेहरा उतरला. "गुंडाभाऊ, तुम्ही वाचा बघू."

गुंडाही अडखळला नाही. वाचून झाल्यावर त्याने शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं. "बघ! सातवी नापास बाप घडाघडा वाचतुया. आन् तू?"

पायलने मान खाली घातली. मुलीला वाचवायला सभा घेतली आणि तिलाच बुडवलं!

तेवढ्यात गठ्ठा घेऊन आलेले दस्तगीरभाई दारातून पुढे झुकले. "बाई," ते त्यांच्या मते कुजबुजले, पण ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, "लय चुका हुत्या. सगळ्या काढल्या. कुणाला बोललो न्हाई."

"अहो भाई, त्या चुकाच तर हव्या होत्या!"

सभेत हशा पिकला. भाई हिरमुसले. गुरुजी उठायला लागले. "मग झालं म्हणायचं की आता."

"बसा गुरुजी!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की गुरुजी खरंच बसले. कागद पातळ होता. खिडकीच्या उजेडात त्याची अक्षरं मागून दिसत होती. "कागद पालथा करा. उजेडाकडे धरा. खालचा परिच्छेद मागच्या बाजूने वाचा. डावीकडून, मोठ्यानं आणि भराभर."

गुरुजींनी कागद धरला. "ती... हो..." ते थांबले. "ती हो? कोण ती? हे कानडी छापलंय का काय?"

"आवाज चढवा!" बाई म्हणाल्या.

"हो... छे, हो न्हाई... त... ब..."

"अंगठे धरा! चौथीत नेऊन बसवू?"

पालक खदखदून हसले. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि दिसत होतं तेवढंही दिसेना. मग गुंडाची पाळी आली. त्याने एक अक्षर लावलं, ते पुढच्या अक्षराशी जुळेना. "आवं बाई, हसू नका म्हणावं ह्यास्नी," तो कळवळून म्हणाला. "हसत्यात म्हणून जास्तच चुकतंय."

हसणं थांबलं. "पायलला अगदी असंच दिसतं, असं नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण जीव असाच घाबरा होतो. रोज."

गुंडाने कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "शाळंतनं न्हाई काढत."

गुरुजी मात्र हट्टाला पेटले होते. सगळे पांगले तरी ते खिडकीशी कागद धरून उभेच. पायल दबकत त्यांच्याजवळ गेली. "गुरुजी, अक्षराखाली बोट ठेवा. मग जरा थांबतंय ते."

गुरुजींनी बोट ठेवलं. "तळ्यात... म्हैस... म्हैस तळ्यात!" ते एकदम ओरडले.

शाळा सुटल्याची घंटा झाली. पायलने दप्तर उचललं.

"थांब की गं जरा," गुरुजी काकुळतीला येऊन म्हणाले. "एवढी ओळ होऊ दे."

पायलने दप्तर खाली ठेवलं. "वाचा सावकाश. घाई न्हाई."