बेचाळीस मिनिटांची नोंद

"चाळीस वर्षांत माझ्या ग्रंथालयातून एक पुस्तक हरवलं असेल तर दाखवा!" हे शरच्चंद्रराव दूधवाल्यालाही ऐकवत. दूधवाल्याचा पुस्तकांशी संबंध नव्हता, पण तो रोज निमूटपणे मान हलवी.

आधी ते निवृत्त झाले, मग पत्नी मंदाकिनीबाई गेल्या, आणि सांभाळायला उरला एक जुना कंप्युटर. त्यात बाईंचा आवाज होता. त्या मेथी निवडत बसल्या असताना रावांनी सहज रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. माहेर, शेजारीण, नवऱ्याचा वेंधळेपणा, सगळं मिळून बेचाळीस मिनिटं. त्यांचा आवाज जगात तेवढाच शिल्लक होता. रविवारी वर्षश्राद्ध. त्यासाठी मुलगी सुनीती कात्रजहून येणार होती, आणि तिला आईला ऐकायचं होतं.

शुक्रवारी रावांनी कंप्युटर आवरायला काढला. प्रत्येक फाइलचा शॉर्टकट केला आणि पडद्यावर अकारविल्हे मांडला. शॉर्टकट दाबला की फाइल हजर! मग आत त्याच नावाची फाइल पुन्हा दिसली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"एकाच पुस्तकाच्या दोन प्रती? जागा काय फुकट आलीय?"

त्यांनी आतल्या सगळ्या प्रती उडवल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण घरात कचरा साठवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. मग समाधानाने बाईंच्या नावाचा शॉर्टकट दाबला. फाइल सापडत नाही! पुन्हा दाबला. त्यांनी सुनीतीला फोन लावला.

"बाबा, शॉर्टकट म्हणजे नुसतं सूचीचं कार्ड. तुम्ही कार्ड ठेवलंत आणि पुस्तक रद्दीत घातलंत."

"दोन्हीवर नाव एकच होतं गं!"

"कार्डावर पुस्तकाचंच नाव असतं. चाळीस वर्षं दुसरं काय लिहीत होतात?"

मग सुनीतीचा आवाज खाली आला. "ऐका. डिलीट केलं की कंप्युटर फक्त रजिस्टरातली नोंद खोडतो. आवाज अजून फळीवर असेल. पण त्याच्या लेखी ती जागा आता मोकळी आहे. नवीन काही ठेवलंत तर तो तिथेच ठेवील. म्हणून काहीही ठेवू नका. मी उद्या येते."

नोंद खोडली! हे मात्र रावांच्या जिव्हारी लागलं. नोंद गेली असेल तर ती परत करायला हवी. सगळ्या फायलींची यादी त्यांच्या वहीत होती, सुवाच्य अक्षरात. त्यांनी स्कॅनर जोडला आणि वहीची तीनशे बारा पानं, एकेक, मोठ्यातल्या मोठ्या आकारात कंप्युटरात चढवली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण मन जरा शांत झालं.

शनिवारी सुनीती आली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"हे काय आहे?"

"नोंद. पुन्हा केली."

"नवीन काही ठेवू नका म्हटलं होतं!"

"वही जुनीच आहे."

सुनीतीने डोळे मिटून घेतले.

दुपारपर्यंत ती खटपट करत होती. अखेर आवाजाचा एक तुकडा हाती लागला. त्याला ना नाव, ना तारीख. बाकीच्या जागेवर वहीची पानं ठाण मांडून बसली होती. सुनीतीने तुकडा सुरू केला. आधी बांगड्या वाजल्या.

"अहो, बंद करा ते. कशाला जपून ठेवताय? मी काय कुठं पळून जातेय?"

संपलं. अकरा सेकंद.

"पुन्हा लाव," राव म्हणाले. तिने लावलं. मग ती डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात गेली, आणि रावांनी स्वतःच ते आणखी सात वेळा लावलं.

वहीचं पान मात्र पडद्यावर अगदी स्वच्छ उमटलं होतं. मंदाकिनी, मेथी निवडताना. कालावधी बेचाळीस मिनिटे. स्थिती उत्तम. त्यांनी वही उघडली, पेन घेतलं, आणि 'उत्तम' तेवढं खोडलं.

रविवारी सकाळी दूधवाला आला. पातेल्यात दूध ओतून तो सवयीने थांबला आणि आधीच मान हलवायला लागला.

"जा आता," शरच्चंद्रराव म्हणाले.